दादीला समजावून सांग

इंजिनिअरिंगला गेलेली आपली मुलं सुट्टीत भेटायला येतात तेव्हा एकच तक्रार ऐकू येते : "टीचर, पेपर चांगले जातात, ग्रुप डिस्कशनला मात्र तोंड उघडत नाही. इंग्रजी कच्चं आहे ना!"

इंग्रजी शिकावं लागेलच, त्यात सूट नाही. पण खरी अडचण वेगळी आहे. इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम तपासणारं एनबीए मंडळ विषयाच्या ज्ञानाबरोबर संवाद, गटात काम करणं आणि सचोटीही पाहतं. 2014 साली भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. त्या करारातल्या इतर देशांतही याच गोष्टी मोजल्या जातात.

आता सोलापूरचं मूल बघा. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, गल्लीत तेलुगू नाहीतर कन्नड. समोरचा माणूस पाहून ते बोली बदलतं. हा संवाद नाही तर काय? मग तेच मूल गटात गप्प का बसतं? कारण घरात त्याने प्रश्न विचारला की आपण म्हणतो, "बडों के बीच में नको बोल." मुलींना तर हे दुप्पट ऐकावं लागतं.

रात्री दस्तरखानावर मुलाला त्याचा प्रोजेक्ट दादीला दखनीत समजावून सांगू द्या. दादी मध्येच "ये कायकू?" विचारील. तिथे अडला, तर मुलाखतीतही तिथेच अडेल. दुसऱ्या दिवशी तोच प्रोजेक्ट शेजाऱ्यांना मराठीत, मग मित्राला इंग्रजीत.

आणि मुलगी सांगत असेल, तेव्हा तिला चहा ठेवायला उठवू नका.