विश्लेषण : आधी पाणी की आधी प्लॉट? लहान शहरांच्या वाढीचे गणित कुठे चुकते?

नाशिक जिल्ह्यातील मनमाड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. पण उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी नळाला पाणी येणे इथे वर्षानुवर्षे नित्याचे झाले. पाणी किती आहे ते पाहून लहान शहरांची वाढ ठरवता येईल का?

मनमाडची अडचण काय?

शहराची भिस्त वर्षानुवर्षे वागदर्डी धरणावर आणि ते भरण्यासाठी पालखेड कालव्याच्या आवर्तनावर राहिली. आवर्तन लांबले की नळाचा दिवसही लांबायचा. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ८० हजार. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठीचा माणशी रोज १३५ लिटरचा निकष लावला, तर घरांपर्यंत रोज १ कोटी ८ लाख लिटर पाणी पोहोचायला हवे. २० टक्के गळती धरल्यास १ कोटी ३५ लाख लिटर सोडावे लागेल.

विकास आराखड्यात पाण्याचा विचार नसतो?

असतो, पण उशिरा. १९६६च्या नगररचना कायद्यानुसार आराखड्याची किमान २० वर्षांतून एकदा सुधारणा करावी लागते. त्यात निवासी क्षेत्र ठरते ते मुख्यतः लोकसंख्येच्या अंदाजावर. पाण्याची सोय नंतर शोधली जाते. शंभर प्लॉटचा एक ले-आउट, प्रत्येक घरात पाच माणसे, म्हणजे रोज ६७,५०० लिटरची नवी मागणी. स्रोत तोच राहिला, तर हे पाणी जुन्या वस्तीच्या वाट्यातूनच जाते. नाहीतर नव्या घरांच्या नशिबी बोअर आणि टँकर येतो.

नवी जलवाहिनी आली की प्रश्न सुटतो?

काही काळ. मनमाडसाठी करंजवण धरणातून थेट जलवाहिनीची योजना आखण्यात आली. त्यामुळे कालव्यावरचे अवलंबन कमी होते. पण अशा योजना साधारण ३० वर्षांनंतरच्या लोकसंख्येचा अंदाज धरून आखल्या जातात. परवानग्या भराभर दिल्या, तर ती क्षमता आधीच संपते.

मग नव्या जोडण्याच बंद कराव्यात?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बोलिनास या किनारी गावाने १९७१ मध्ये तेच केले. गावाची वाढ रोखली गेली. पण नवी घरे जवळपास थांबल्याने सामान्य कुटुंबांना तिथे घर मिळणे कठीण झाले. सरसकट बंदीचा लाभ आधीच घर असलेल्यांना होतो.

व्यवहार्य मार्ग कोणता?

पहिले, हिशेब भरलेल्या धरणाचा नव्हे, तर अवर्षणाच्या वर्षाचा करावा. दुसरे, मंजूर झालेल्या पण अजून न बांधलेल्या घरांचे पाणी त्यातून आधी वजा करावे. उरेल तेवढ्याच जोडण्या टप्प्याटप्प्याने द्याव्यात आणि त्यातला काही वाटा लहान घरांसाठी राखावा. तिसरे, गळती रोखावी. ती ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, तर तेवढ्याच पाण्यात घरांपर्यंत एक तृतीयांश अधिक पाणी पोहोचते. कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून, वापरानुसार चढता दर आकारून २४ तास पाणी देऊन दाखवले.

नगरपरिषदेने हा शिल्लक पाण्याचा आकडा दरवर्षी जाहीर केला, तर प्लॉट घेणाऱ्यालाही कळेल की तिथे नळ येणार की टँकर. आज ते कळते घर बांधून झाल्यावर.