साखर-तेल कोपऱ्यावरच्या दुकानातूनच आणा

होळी झाली, उन्हं तापली की लालबागच्या मिरची गल्लीत बायकांची झुंबड उडते. वर्षाचा मसाला करायचा असतो. पोत्यात हात घालून बेडगी उचलायची, देठ मोडून बघायचा, ओलसर लागली की परत टाकायची. रंगाला बेडगी आणि काश्मिरी, तिखटाला संकेश्वरी नाहीतर लवंगी. पण कोणती किती, हे घराघराचं वेगळं. दुकानदार विचारतो, “मालवणी की घाटी, ताई?” उत्तर मिळताच धणे, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, मसाला वेलची पटापट काट्यावर चढतात. तिथेच भाजून घ्यायचं, तिथेच डंक्यावर कुटून घ्यायचं. डंक्यासमोरून हलायचं मात्र नाही, आपला मसाला आपल्याच डब्यात यायला हवा. नाकडोळे वाहत असतात आणि शेजारची अनोळखी बाई तिच्या सासूचं प्रमाण सांगत असते.

ही खरेदी टिकली पाहिजे. नुसतं हळहळून ती टिकणार नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माटुंग्याला कॉफी घ्यायला गेलं की “चिकोरी किती?” असं विचारून बिया समोरच दळून देतात, पुडी हातात घेतली की गरम लागते आणि घरी येईपर्यंत पिशवीभर वास पसरलेला असतो. दादर-गिरगावातल्या कोकणी मालाच्या दुकानात आमसुलं बोटांनी दाबून बघता येतात, यंदाची की गेल्या वर्षीची हे कळतं. तिथेच कुळथाचं पीठ, त्रिफळं, फणसाची साठं. आणि आपल्या गल्लीतला वाणी एकादशीच्या आदल्या दिवशी न सांगता भगर, राजगिरा पुढे काढून ठेवतो. भाताला कुठला तांदूळ, इडलीला कुठला, हे त्याला विचारायचं आणि पुढच्या वेळी “काकी, भात मोकळा झाला का?” असं त्यानंही विचारायचं. एवढ्या बोलण्याने दिवस बरा जातो.

पण त्रिफळं विकून कुणाचं दुकान चालत नाही. मूठभर त्रिफळं एका घराला कितीतरी दिवस पुरतात. दुकान चालतं साखर, तेल, चहा, साबण आणि तांदळावर. या मालात सुटतं थोडं, पण खप रोजचा. त्या खपातून भाडं, वीजबिल, नोकराचा पगार निघतो, तेव्हा कुठे फळीच्या टोकाला डिंक, अळीव, नागकेशर ठेवणं दुकानदाराला परवडतं. घरपोच सामानाची ॲप नेमका हाच रोजचा खप उचलतात. दहा मिनिटांत माल पोचवायचा तर वस्तीलगत छोटी गोदामं लागतात, तिथे गिऱ्हाइकाला प्रवेश नसतो आणि जागा आधी मिळते ती भराभर खपणाऱ्या मालाला. आपण साखर-तेल फोनवरून मागवतो आणि घरात बाळंतीण आली की अळीव-डिंकासाठी वाण्याकडे धावतो. वाण्याने कशाच्या जोरावर दुकान उघडं ठेवायचं?

घरात आजारी माणूस असेल, तान्हं मूल असेल, तर दारात येणारं सामान मोठाच आधार आहे, हे मी नाकारत नाही. पण वाणीही फोनवर यादी घेऊन सामान पाठवतोच की. २०२० च्या टाळेबंदीत किती घरं याच दुकानांवर तगली! रोजंदारीवर जगणाऱ्यांचा तर विचार करायलाच हवा. त्यांना पाव किलो सुटी तूरडाळ हवी असते, महिनाअखेरीला वहीत लिहून ठेवणारा माणूस हवा असतो. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी आला. सुट्या मालाला तो लागत नाही. सुटं विकणारं दुकान गेलं की हा फरक गरिबाच्याच खिशातून जाणार.

वाणसामानासाठी एकत्र येणं मुंबईला नवं नाही. १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत सहकारी तत्त्वावर ‘अपना बाजार’ उभा राहिला. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली आणि घरांचे गट करून महिन्याचं सामान एकत्र घेण्याची पद्धत तिने रुजवली. तेव्हा झगडा भावाचा आणि भेसळीचा होता. आज दुकान उरण्याचा आहे, आणि त्यासाठी मोर्चाही नको, पिशवी घेऊन खाली उतरलं तरी पुरे.

महिन्याच्या यादीतलं साखर, तेल, चहा, तांदूळ आणि साबण एवढं तरी ओळखीच्या दुकानातून घ्या. दोन-चार रुपये जास्त पडले तरी घ्या. मुलांना यादी देऊन पाठवा. काटा वाचणं, सुटे मोजून घेणं, खवट शेंगदाणा वासावरून ओळखणं त्यांना तिथेच येईल. यंदा मसाल्याला जाताना घरातल्या तरुण माणसाला, मुलगा असो की सून, बरोबर न्या आणि मिरची त्यालाच निवडू द्या.

दुकानदारांनाही एक सांगायचं आहे. काटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवा, त्यावरचा वैधमापनाचा शिक्का दिसू द्या, डब्यांना झाकणं घाला, किडलेली डाळ कुरकुर न करता बदलून द्या. विश्वास हे तुमचं भांडवल आहे, त्याला धक्का लागला तर आम्ही कितीही ओरडलो तरी उपयोग नाही.

राहिला इमारतींचा प्रश्न, आणि तो तातडीचा आहे. चाळी पाडून टॉवर उठतात तेव्हा तळमजला पार्किंगला जातो आणि वाणी, गिरणीवाला, डेअरीवाला यांना मागच्या बाजूला किंवा वरच्या मजल्यावर गाळे मिळतात. आमच्याजवळच्या एका इमारतीत पिठाची गिरणी अशीच वर गेली. गुडघे दुखणाऱ्या आज्यांनी दळण टाकणं सोडलं आणि वर्षाच्या आत गिरणीला टाळं लागलं. तुमच्या सोसायटीची पुनर्विकासाची सभा असेल तर कार्पेट एरियावर भांडून झाल्यावर हाही मुद्दा इतिवृत्तात नोंदवून घ्या: रस्त्याच्या तोंडाशी असलेली दुकानं नव्या इमारतीतही तळमजल्यावर, रस्त्याच्या तोंडाशीच हवीत. करारावर सह्या होण्याआधी.