पेटंटला हरकत घेण्याचा हक्क महाग नको

पेटंटचे संरक्षण जितके कडक, तितके संशोधन जास्त, असे छातीठोकपणे सांगितले जाते. आपल्याच औषध उद्योगाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधावर पेटंट नाकारले, ते फक्त बनवण्याच्या प्रक्रियेवर दिले. मग तेच औषध वेगळ्या पद्धतीने, कमी खर्चात बनवण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेपासून खासगी कंपन्यांपर्यंतचे रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा बड्या कंपन्यांचा दर १० हजार डॉलरच्या पुढे होता. त्यामागे हीच तीन दशकांची मेहनत होती.

म्हणून पेटंटच नको, असे नाही. खरोखर नवे औषध शोधणाऱ्याला २० वर्षांची मक्तेदारी मिळावी. २००५ पासून आपण ती देतोही. पण जुन्याच औषधाचा क्षार बदलून मुदतवाढ मागणे हे संशोधन नव्हे. बेडाक्विलिन या क्षयरोगावरील औषधाचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच्या फ्युमरेट क्षारावर नवे पेटंट मागितले. ते मिळाले असते, तर मक्तेदारी आणखी काही वर्षे लांबली असती. क्षयातून बऱ्या झालेल्या, पण औषधांच्या दुष्परिणामांनी श्रवणशक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

तेव्हा अशी हरकत विनाशुल्क घेता येत होती. मार्च २०२४च्या सुधारित नियमांनी तिला शुल्क लावले; शिवाय ती ऐकायची की नाही, हेही आधी पेटंट नियंत्रकच ठरवणार. पेटंटचा देशात प्रत्यक्ष वापर होतो का, याचे विवरणही आता दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदाच द्यायचे. ही माहितीच वेळेवर मिळाली नाही, तर पेटंट वापरात नाही म्हणून इतरांना उत्पादन करू देणारा सक्तीचा परवाना मागणाऱ्याने दाखला कशाचा द्यायचा?

पेटंट हा समाजाने संशोधकाशी केलेला करार आहे. तो तपासण्याचा हक्क समाजाला हवाच. केंद्र सरकारने रुग्ण आणि रुग्ण संघटनांसाठी हरकतीचे शुल्क रद्द करावे, वार्षिक विवरण पुन्हा सक्तीचे करावे आणि क्षुल्लक बदलांवरील पेटंट रोखणाऱ्या कलम ३(ड)ला कोणत्याही व्यापार करारात हात लावू देऊ नये.

– एक वाचक, पुणे