घरचे माणिक

गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी न्हाताना सासूबाईंच्या एका कुडीतला लाल खडा मोरीत वाहून गेला. लग्नात त्यांच्या आईने दिलेल्या कुड्या! पण सराफाकडे द्यायला त्या तयार होईनात. "मोती बदलेल गं तो," एवढेच म्हणाल्या.

मग मीच पदर खोचला. रविवार पेठेतून सिलिकॉन रबर आणि रेझीन आणले. दुसऱ्या कुडीतला खडा अलगद काढला, मुलाच्या खेळायच्या मातीवर बसवला आणि वरून सिलिकॉन ओतले. दुसऱ्या दिवशी पाहते तो नुसती चिकट लापशी! अशा मातीत गंधक असले तर काही जातींचे सिलिकॉन आळतच नाही, हे मागाहून कळले. पुन्हा केले, या खेपेस खडा वाटीच्या तळाला चिकटपट्टीने बसवला. साचा असा सुरेख निघाला की पैलू न् पैलू मोजून घ्यावा!

रेझीन आणि हार्डनर मात्र डब्यावरच्या प्रमाणातच, काट्यावर तोलून घ्यावे. आमटीतले मीठ नव्हे ते! हातात मोजे, खिडकी उघडी आणि ढवळणे सावकाश, नाहीतर बुडबुडे धरतात. लाल रंग सुईच्या टोकावर मावेल एवढाच. 24 तासांनी खडा साच्यातून सुटला.

धनत्रयोदशीला दोन्ही कुड्या सासूबाईंपुढे ठेवल्या. काही बोलले नाही. त्यांना हल्ली नीट दिसत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. त्यांनी एकेक खडा गालाला लावून पाहिला.

"हा गार लागतो. आणि हा तुझा."

मग माझ्या खड्याची कुडी त्यांनी आधी कानात घातली.