एक्सप्लेनर : वर्षातून फक्त दोन आठवडे! 'क्रॅश लँडिंग ऑन यू'चा शेवट त्या दोघांना शोभतो का?

(स्पॉयलर अलर्ट : मालिका पाहिली नसेल तर आधी पाहा, मग वाचा.)

पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून थेट उत्तर कोरियात पडलेली दक्षिण कोरियाची उद्योजिका से-री आणि तिला लपवणारा तिथला लष्करी कॅप्टन जोंग-ह्योक. ही गोष्ट नेटफ्लिक्सवर आपल्याकडेही अनेकांनी एका दमात पाहिली. १६ भागांच्या या मालिकेचा शेवट १६ फेब्रुवारी २०२० रोजी झाला. पण तो शेवट अनेकांच्या पचनी पडत नाही.

शेवट नेमका काय?

जोंग-ह्योक उत्तरेत परततो, लष्कर सोडतो आणि नॅशनल ऑर्केस्ट्रात पियानो वाजवतो. से-री तरुण संगीतकारांसाठी स्वित्झर्लंडमध्ये उपक्रम सुरू करते. त्या निमित्ताने दोघं दरवर्षी तिथे भेटतात. दोन आठवडे एकत्र, मग पुन्हा आपापल्या देशात.

आक्षेप काय?

ती आकाशात झेपावणारी, तो तिच्यासाठी भुयारातून सीमा ओलांडून सोल गाठणारा. अशी माणसं दोन आठवड्यांवर समाधान मानतील? सरळ तिसऱ्या देशात पळून का जात नाहीत? प्रश्नात दम आहे.

तरीही शेवट योग्य का?

कारण पळून जाण्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली असती. १९५३ मध्ये दोन्ही कोरियांत युद्धविराम झाला, शांतता करार आजवर झालेला नाही. उत्तरेतून कुणी पळालं की मागे राहिलेले नातेवाईक अडचणीत येतात. जोंग-ह्योकचा मोठा भाऊ आधीच गेलाय, आई-वडिलांना तो एकटाच उरलाय. स्वतःचा जीव पणाला लावणं हे धाडस, पण म्हाताऱ्या आई-बापाचा जीव पणाला लावणं याला धाडस कसं म्हणायचं?

दुसरं म्हणजे, हे दोघं बेदरकार कधीच नव्हते. शत्रूच्या गावात से-री डोकं चालवून तगली. गणितातली अट बदलता येत नसेल तर त्याच अटीत बसणारं उत्तर शोधावं लागतं. त्यांनी तेच केलं. पॅराग्लायडिंगमध्येही वारा आपल्या हातात नसतो, दिशा थोडीफार असते. शेवटी से-री स्वित्झर्लंडच्या आकाशात पुन्हा उडते, हे म्हणूनच पटतं. पडण्याची भीती माहीत असूनही ती दरवेळी उडते आणि दरवर्षी ताटातूट होणार हे माहीत असूनही ती दरवर्षी भेटते.

मग खटकतं काय?

खरं तर उलटंच. हा शेवट कडू कमी आणि गोडच जास्त आहे. युद्धाने ताटातूट झालेल्या खऱ्या कुटुंबांच्या भेटी २००० पासून २१ वेळा घडवल्या गेल्या, शेवटची ऑगस्ट २०१८ मध्ये. अनेक दशकांनी भेटलेल्या भावंडांना मोजके तास मिळाले आणि पुढच्या भेटीची कसलीच खात्री नव्हती. त्यांच्यासमोर दरवर्षीचे दोन आठवडे म्हणजे चैनच.

ज्यांना लग्नच बघायचं होतं त्यांच्यासाठी : ह्यून बिन आणि सोन ये-जिन यांनी ३१ मार्च २०२२ रोजी खरंच लग्न केलं. पडद्यावर मात्र तसं दाखवलं असतं, तर १६ भाग जिच्यामुळे आपला जीव टांगणीला लागला, ती सीमाच खोटी वाटली असती.