विश्लेषण : सिंथेसायझर आला की बँड वाढतो की घटतो?

लग्नसराईत बुलढाणा जिल्ह्यातल्या डोणगावसारख्या गावात वरात निघाली की पुढे बँडची गाडी असते. गाडीवर कीबोर्ड, बाजूला ऑक्टोपॅड, मागे जनरेटर. क्लॅरिनेटवाला असलाच तर एखादा. ‘या कीबोर्डनं खरी वाद्यं संपवली’ असं जुनी मंडळी म्हणतात. हीच तक्रार ४० वर्षांपूर्वी हेवी मेटलच्या चाहत्यांनी सिंथेसायझरबद्दल केली होती, आणि कीबोर्ड हाही सिंथेसायझरच. तिथे ती खोटी ठरली. इथे ती बरीचशी खरी आहे. असं का?

मेटलवाले का चिडले होते?

हेवी मेटलचा कणा म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा खरखरीत, फाटका आवाज. १९८६ मध्ये ज्युडास प्रीस्ट या ब्रिटिश बँडने ‘टर्बो’ या अल्बममध्ये गिटार-सिंथेसायझर वापरला. तार छेडायची गिटारचीच, पण आवाज निघतो सिंथेसायझरचा. त्याच वर्षी आयर्न मेडननेही ‘समव्हेअर इन टाइम’मध्ये हेच केलं. ‘टर्बो’वर जुने चाहते भडकले. हे तर पॉप झालं, रेडिओसाठी केलं, असा सूर होता. पुढे १९९० मध्ये प्रीस्टचा ‘पेनकिलर’ आला. तो कडक मेटल म्हणून आजही नावाजला जातो, आणि त्यातही डॉन एअरी यांचा कीबोर्ड आहेच.

राग ओसरला, कारण कोणाचं काही गेलं नव्हतं. ‘टर्बो’मध्ये तारेवरचे हात ग्लेन टिप्टन आणि के. के. डाउनिंग यांचेच होते.

मुंबईतल्या बँडनी काय केलं?

डेमॉनिक रेझरेक्शन हा मेटल बँड साहिल मखीजा यांनी २००० मध्ये सुरू केला. गिटार आणि ड्रमच्या माऱ्यामागे त्यांनी कीबोर्डवर ऑर्केस्ट्रासारखा भरीव आवाज उभा केला. पाच पोरांच्या बँडला ४० व्हायोलिनवाले कुठून परवडणार? कीबोर्डने कोणाची जागा घेतली नाही; जी जागा कधी भरलीच नसती ती भरली. विशाल ददलानी यांचा पेंटाग्रामही गिटारच्या रॉककडून इलेक्ट्रॉनिक आवाजाकडे सरकला. तिथेही गिटार, बेस, ड्रम जागेवरच राहिले.

मग गावात उलटं का झालं?

इथे कीबोर्ड भर म्हणून आला नाही, बदली म्हणून आला. जुन्या बँडमध्ये प्रत्येक सुराला एक माणूस लागे. कीबोर्डमध्ये ट्रम्पेट, व्हायोलिन, सनई सगळंच आहे. वर ढोलकीचे ठेके आधीच भरलेले. मालकाचा हिशेब सरळ आहे. माणसं कमी म्हणजे मजुरी कमी, जेवणाची ताटं कमी, गाडीत जागाही कमी. त्याला तरी दोष कसा द्यायचा? समोर डीजे उभा आहे. त्याला वादकच लागत नाही, आणि नवरदेवाच्या मित्रांना गाणं सिनेमातल्यासारखं हवं असतं. कीबोर्ड घेतला नसता तर कित्येक बँड कधीच बंद पडले असते, हेही खरं.

पण किंमत मोजली ती क्लॅरिनेटवाल्याने. क्लॅरिनेटवर हात बसायला वर्षं जातात. बँडमध्ये जागाच नसेल तर घरातला पोरगा ते वाद्य हातात का घेईल? एका पिढीत विद्या तुटते ती अशी. वाद्य भिंतीवर टांगलेलं राहतं आणि वादक हंगामात दुसऱ्याच कामावर जातो.

यावर उपाय बंदीचा नाही, आणि तसा तो टिकणारही नाही. नागपूरकडचा धुमाल बघावा. त्यातही कीबोर्ड असतो, पण ढोलांचा ताफा कमी केलेला नसतो, कारण लोक पैसे मोजतात ते त्या ढोलांसाठी. वरातीची सुपारी देताना डोणगावच्या यजमानाने ‘भोंगे किती?’ या प्रश्नाआधी ‘वाजवणारे किती?’ एवढं विचारलं, तरी मालकाचा हिशेब बदलू शकतो.