डबा कोणी भरावा?

उलटतपासणी हे आम्हा वकिलांचे नित्याचे शस्त्र होय. परंतु गेल्या पावसाळ्यात तेच शस्त्र माझ्यावर चालविले गेले, आणि तेही माझ्या तेरा वर्षांच्या कन्येकडून. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या काही कुटुंबांपुढे हिंदू कोड बिलावर व्याख्यान देऊन मी घरी परतलो होतो. १९५१ साली बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हे बिल बारगळले हे एक प्रमुख कारण होते, असे मी मोठ्या आवेशाने सांगितले होते. कन्येने घरी आल्यावर एकच प्रश्न केला, "बाबा, सकाळी आपले तिघांचे डबे आई भरते. तिचा कोण भरतं?"

मला उत्तर देता आले नाही. माझी पत्नी परिचारिका आहे. सातच्या पाळीसाठी ती साडेसहाला घर सोडते. तत्पूर्वी माझा, मुलीचा व मुलाचा डबा तयार असतो. चौथा डबा तिचा. त्यात उरेल ते जाते, आणि काही उरले नाही तर तो डबा फडताळातच राहतो. चौदा वर्षे हे माझ्या डोळ्यांदेखत चालले होते आणि मी समतेवर व्याख्याने देत होतो.

त्याच सुमारास नागोया येथे नोकरीस असलेला माझा भाचा रजेवर आला. त्याच्या सामानात दोन कप्प्यांचा एक लहानसा डबा होता. जपानी लोक त्यास बेन्तो म्हणतात; डब्यासही आणि त्यातील जेवणासही तोच शब्द. भाचा तो स्वतः भरून कामावर नेतो, हे ऐकून मी त्याच्याकडून सर्व रीत समजावून घेतली.

रीत साधी, पण शिस्तीची आहे. रात्रीच्या स्वयंपाकातला एक वाटा आधीच बाजूला काढावयाचा. सकाळी निम्म्या डब्यात भात भरावयाचा. उरलेल्या जागेचे तीन वाटे केले, तर दोन भाजीचे आणि एक मासळीचा किंवा अंड्याचा. भातावर उमेबोशी नावाचे खारवलेले आंबट फळ. रस निथळून टाकावयाचा आणि जिन्नस घट्ट बसवावयाचे, म्हणजे आगगाडीच्या धक्क्यांनी ते एकमेकांत मिसळत नाहीत. सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, अन्न निवल्यावाचून झाकण लावावयाचे नाही. गरम अन्नाची वाफ झाकणाला लागून तिचे पाणी होते, ते पुन्हा अन्नात उतरते आणि दुपारपर्यंत डबा आंबतो. त्यांचा तांदूळ आखूड व चिकट असल्याने गार झाला तरी मऊ राहतो. म्हणून ते डबा गरम न करताच जेवतात. आपला भात तसा नव्हे. आपण भाकरी, झुणका, मटकीची कोरडी उसळ, शेंगदाण्याची चटणी न्यावी हेच बरे. मात्र वाफेचा नियम आपल्यालाही लागू आहे. पहिल्याच दिवशी मी तो मोडला आणि न्यायालयाच्या आवारात आंबलेली उसळ कुत्र्यापुढे ठेवून उपाशी युक्तिवाद केला.

परंतु रीतीपेक्षा या डब्याच्या इतिहासाने मला अधिक विचारात पाडले. १९४६ साली बेआते सिरोटा या अवघ्या बावीस वर्षांच्या तरुणीने जपानच्या नव्या राज्यघटनेसाठी स्त्रियांच्या हक्कांचा मसुदा लिहिला. ३ मे १९४७ रोजी ती घटना अमलात आली आणि तिच्या २४ व्या कलमाने पतिपत्नींचे हक्क समान ठरविले. कायदा झाला, पण पहाटे उठून पतीचा डबा भरणारी पत्नीच राहिली. अशा डब्यास 'ऐसाई बेन्तो', म्हणजे प्रेमळ पत्नीने दिलेला डबा, असे गोड नावही आहे. गोड नावाखाली किती श्रम झाकले जातात हे आपण जाणतोच. ॲन ॲलिसन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ विदुषीने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले की, बालवाडीत नेण्याचा सुबक डबा हा मुलाइतकाच मातेलाही शिस्तीत बांधण्याचे साधन होतो. पुढे २००८ ची जागतिक मंदी आली, बाहेरचे जेवण अनेकांना परवडेना, आणि २००९ च्या सुमारास स्वतःचा डबा स्वतः भरणाऱ्या पुरुषांना 'बेन्तो दान्शी' असे नाव पडले. जे काम घटनेच्या कलमाने करावयाचे ते थोडेफार का होईना, रिकाम्या खिशाने केले, ही गोष्ट वकील म्हणून मला काहीशी नामुष्कीची वाटते.

त्याच देशातील आणखी एक हकीकत आपणा बौद्धांना ठाऊक असावी. १८८९ साली यामागाता प्रांतातील त्सुरुओका येथे दाइतोकुजी या बौद्ध मंदिरातील शाळेत येणाऱ्या दरिद्री मुलांपाशी डबाच नसे. तेथील भिक्षूंनी दारोदार भिक्षा मागून त्यांच्यासाठी भाताचे गोळे, खारी मासळी आणि लोणचे यांची सोय केली. जपानातील शालेय भोजनाचा आरंभ तेथून मानला जातो. १९५४ साली त्याचा कायदा झाला. परक्याच्या लेकराच्या दुपारच्या घासाची चिंता वाहताना त्या भिक्षूंना कमीपणा वाटला नाही. आपल्याच घरात पोळपाट हाती घेताना आम्हांस तो का वाटावा?

तो वाटतो, हे मी ऐकले आहे. आमच्या वस्तीतील एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, "वकीलसाहेब, दीक्षा घेतली ती बायकांची कामं करायला काय?" मी त्यांस विचारले, मेलेले ढोर ओढण्याचे काम आपल्या आजोबांच्या वाट्यास कशाने आले? जन्माने. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लक्षावधी लोकांनी जे झुगारून दिले ते हेच, की माणसाचे काम त्याच्या जन्मावरून ठरते. मग मुलगी म्हणून जन्मली एवढ्यावरून पोळी लाटण्याचे काम तिच्या माथी मारणे हे कोणत्या न्यायाने? ते निरुत्तर झाले असे मी म्हणणार नाही, ते रागावले. वेळ नाही, ही दुसरी सबब मीही वर्षानुवर्षे सांगत आलो. ज्या स्त्रीस सातच्या पाळीला हजर व्हावयाचे असते तिला तो वेळ कोठून मिळत होता, हे मी कधी विचारले नव्हते.

आता रात्री मी भाजी चिरून ठेवतो आणि पहाटे पाचला उठून परततो. पोळ्या मला अद्याप साधत नाहीत. मुलगा त्या माझ्यापेक्षा बऱ्या लाटतो. चारही डबे ओळीने उघडे ठेवून निवू देतो आणि झाकणे लावतो ती पत्नीच्या डब्यापासून, कारण घराबाहेर प्रथम तीच पडते. मीठ अजून कमीजास्त होते. तिने त्याबद्दल तक्रार केलेली नाही. कन्येने केली आहे.